सहदेव वकिलाचा एकच अर्ज

माझ्या घराची पुढची खोली मी सहदेव ओव्हाळ वकिलाला ऑफिससाठी दिली, तेव्हा कर्जतमधल्या चार जणांनी येऊन मला सांगितलं, ‘बाई, तो जेलमध्ये होता.’ होता ना. आणि निर्दोष सुटला. लोक वाक्य अर्ध्यात का सोडतात, मला कळत नाही. चाळीस वर्षं कॉलेजात शिकवलं, तिथेही हेच.

सहदेव खालापूरकडचा. बारावी नापास झाल्यावर माथेरानच्या एका हॉटेलात रूमबॉय म्हणून लागला. एका पाहुण्याचा महागडा मोबाइल गेला. पाहुणा म्हणाला, लाल शर्टवाल्या पोराने घेतला. हॉटेलातल्या सगळ्याच पोरांना लाल शर्ट! पोलिसांनी सहदेवला उचललं. जामीन मंजूर झाला, पण जामीनदार कुणी मिळेना. दोन वर्षं आत. कोर्टात पाहुण्याला विचारलं, ‘चोर कोण?’ त्याने पिंजऱ्याकडे बोट केलं. पिंजऱ्यात एकटा सहदेव उभा होता, दुसऱ्या कुणाकडे करणार? पुढे तो मोबाइल पाहुण्याच्याच मेहुण्याकडे निघाला, म्हणून हा सुटला. बाहेर आल्यावर बारावी, मग बी.ए., मग वकिली. दिवसा रसायनीच्या कारखान्यात हेल्पर आणि संध्याकाळी पुस्तकं. त्याची आई म्हणायची, ‘आता कोर्टाचं तोंड नको बघूस रं.’ तो रोज बघतो.

गेल्या वर्षी ठकूबाई आली. माथेरानच्या पायथ्याच्या वाडीतली, पन्नाशीची. रोज डोंगर चढून हॉटेलात साफसफाईला जायची. मुंबईच्या एका बाईंचं सोन्याचं कडं खोलीतून गेलं आणि आळ ठकूबाईवर आला. कडं सापडलं नाही, तरी केस उभी राहिली. जामिनावर सुटली होती, पण कुठलंही हॉटेल तिला दारात उभं करीना. शिक्षा झाली असती तर जेल, आणि घरात कमावणारी तीच.

‘वकीलसायेब, मी नाय घेतलं,’ ती म्हणाली.

‘ते मला नका सांगू. साक्षीच्या दिवशी तुमची घरची साडी नेसून या. बस.’

मी आतून ऐकत होते. एवढ्या मोठ्या केसला एवढाच सल्ला? मला राहवेना. तारखेला मीही कोर्टात जाऊन बसले.

साक्ष सुरू होण्याआधी सहदेवने एक अर्ज दिला. तक्रारदार बाई ओळख पटवतील तेव्हा आरोपीला पिंजऱ्यात उभं करू नये, लोकांमध्ये बसू द्यावं. सरकारी वकील कुरकुरले. मॅजिस्ट्रेटबाईंनी अर्ज वाचला आणि म्हणाल्या, ‘बसू द्या. काय बिघडतंय?’

ठकूबाई येऊन बाकावर माझ्या शेजारी बसली. तिच्या मैत्रिणी आल्या होत्या. सगळ्यांत शेवटी विमलबाई धापा टाकत आली. तीही त्याच हॉटेलात कामाला. ड्युटीवरून थेट आली होती, अंगावर हॉटेलने दिलेली निळी साडी तशीच.

तक्रारदार बाई आत आल्या. चोरी कुणी केली म्हणून विचारल्यावर त्यांनी बाकांकडे एकदा पाहिलं आणि ठामपणे विमलबाईकडे बोट केलं.

‘अगो बाय!’ विमलबाई उभीच राहिली. ‘मी तवा लेकीच्या बाळंतपणाला पेणला होते! मी कशाला तुझं कडं घेऊ गं?’

‘खाली बसा!’ मॅजिस्ट्रेटबाई ओरडल्या. मागे कुणीतरी हसलं. सरकारी वकील घाईघाईने म्हणाले, ‘मॅडम, नीट बघून सांगा.’

‘नीटच बघितलंय,’ त्या चिडल्या. ‘ही साडी कशी विसरेन मी?’

आता सहदेव मोठं भाषण ठोकणार, या भीतीने मी पदर गच्च धरला. वकिलांना थांबता येत नाही. तो उठला, म्हणाला, ‘मला काही विचारायचं नाही,’ आणि बसला. मला तिथेच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

बाहेर मी त्याला गाठलं. ‘खरं सांग, विमलबाईला साडीत तूच आणलंस?’

‘नाय हो बाई! तिला बघून मीच घाबरलो. वाटलं, सगळे म्हणतील वकिलाने नाटक रचलं.’

महिन्याभराने निकाल लागला. तो इंग्रजीत वाचला गेला. ठकूबाई भिंतीकडे बघत उभी होती. सहदेव तिच्याजवळ गेला आणि साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, ‘ठकूबाई, तुम्ही सुटलात. तुम्ही चोरी केलेली नाय, असं कोर्ट म्हणतंय.’ त्याची स्वतःची सुटका झाली तेव्हा शिपायाने नुसतं ‘चल, नीघ’ म्हटलं होतं. आपण निर्दोष ठरलो हे त्याला घरी जाऊन दुसऱ्याकडून कळलं.

माझ्या छातीवरचा दगड उतरला. ठकूबाई मात्र म्हणाली, ‘ते मला म्हाईत हाय रं. वर जाऊन त्या मॅनेजरला सांग.’

‘चला तर मग.’

नेरळहून टॅक्सीने दस्तुरीपर्यंत आणि पुढे गाड्यांना बंदी म्हणून चालत, सहदेव काळ्या कोटात घामाघूम, ठकूबाई त्याच्या दहा पावलं पुढे आणि मी सगळ्यांत मागे. मॅनेजरने निकाल ऐकला, खुर्च्या मागवल्या, चहा मागवला. मग डोकं खाजवत म्हणाला, ‘बरं, सोमवारपासून या कामाला.’

‘सोमवार कशाला?’ ठकूबाईने पदर खोचला. ‘आले हाय ना आज. झाडू कुठं ठेवलाय?’