आप्पांच्या डेस्कचे पुढचे दोन पाय

मी डेस्कवर पेन्सिल ठेवली आणि जादूगार घेतो तसा, बोटं पसरून हात मागे घेतला.

"बघा आप्पा. आता हिला सांगितलं तरी ही हलायची नाही."

पेन्सिल हलली. आधी सावकाश, मग काही काम आठवल्यासारखी घरंगळत कडेला आली, खाली पडली आणि आप्पांच्या पायाशी जाऊन थांबली.

सोमवारची सकाळ, सव्वादहा. अकरा वाजता वैशालीच्या कंपनीतला माणूस व्हिडिओ कॉलवर हेच डेस्क तपासणार होता.

मी सुतार. किन्हवलीला माझं वर्कशॉप आहे. नवं फर्निचर करतो, जुनं दुरुस्त करतो आणि गिऱ्हाईक समोर असलं की थोडं नाटकही करतो. त्या दिवशी नाटकाचा पहिला अंकच पडला.

वैशाली ही धसईच्या आप्पांची सून. विम्याच्या क्लेमचे कागद तपासायची तिची नोकरी, ऑफिस ठाण्यात. जाण्यायेण्यात रोजचे सहा तास जायचे. मुलगी पाचवीत, आई घरातून निघताना झोपलेली आणि परत येईपर्यंत पुन्हा झोपलेली. शेवटी कंपनीनं घरून काम करायला परवानगी दिली, पण अटी घातल्या. बसायची जागा पक्की हवी, टेबल सपाट हवं, स्क्रीन डोळ्यांच्या उंचीला, वायरी लोंबकळत नकोत. सोमवारी तपासणी. नापास झाली तर मंगळवारपासून पुन्हा ठाणं.

त्यांच्या घरात नेट धड मिळतं ते एकाच ठिकाणी, पडवीच्या कोपऱ्यात. आणि तो कोपरा अडवून उभं होतं आप्पांच्या वडिलांचं डेस्क. वडील गावचे पोस्टमास्तर होते आणि पोस्ट भरायचं याच पडवीत. डेस्क अस्सल सागवानी. लिहायची फळी उतरती, तिच्या मागे पत्रं ठेवायचे खण. अर्ध्या गावानं या डेस्कसमोर उभं राहून आपली पत्रं वाचून घेतलेली.

"त्या कोपऱ्यात दुसरं टेबल येनार नाय," आप्पांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "याचंच काय ते कर. आठ दिवस घेऊन जा. पन भोक पाडायचं नाय."

"आप्पा, कॉम्प्युटरला वायरी असतात. त्या कुठून तरी बाहेर काढायला लागतात."

"मला नसा हायेत. मी भोकं पाडून घेतली का?"

मी डेस्क उचलायला घेतलं. वैशाली मला टेम्पोपर्यंत सोडायला आली. "मिस्त्री, तुमी काय पन करा," ती हळूच म्हणाली, "पन मला परत पाचची एसटी पकडायला लावू नका."

आता काम काय केलं ते सांगतो, कारण ते चांगलं झालं होतं आणि मला ते सांगायला आवडतं.

उतरत्या फळीवर कीबोर्ड राहत नाही. म्हणून मी एक सुटं फळकूट बनवलं, खालून पाचरीसारखं तिरकं, वरून सपाट. ते उतारावर ठेवलं की डेस्कच्या पुढच्या पट्टीला टेकतं आणि तिथंच बसतं. खिळा नाही, गोंद नाही. खणांचा माथा नेमका डोळ्यांच्या उंचीला येत होता, स्क्रीन तिथं. राहिल्या वायरी. दोन दिवस मी त्या डेस्कभोवती फेऱ्या मारल्या. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं, की खणांमागची फळी ठोकलेली नाहीच. ती खाचेत नुसती सरकवलेली आहे. जुने सुतार असं मुद्दाम करायचे, कारण पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि त्याला हलायला जागा लागते. मी ती फळी अलगद वर ओढली, कापडात गुंडाळून बाजूला ठेवली आणि तिच्या मापाची नवी फळी बनवून भोकं त्या नव्या फळीला पाडली. आप्पांचा शब्द शाबूत.

इथं थांबलो असतो तर सांगायला ही गोष्टच उरली नसती.

शनिवारी मी त्या सपाट फळकुटावर लेव्हल ठेवली. लेव्हल म्हणजे काचेच्या नळीतला बुडबुडा. तो मधोमध आला तर वस्तू सपाट. बुडबुडा पुढे पळाला. म्हणजे डेस्क मागे झुकलेलं. मोजलं, तर मागचे दोन पाय चार सूत आखूड. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणजे अर्धा इंच फरक. मला त्या जुन्या सुताराची दया आली. इतकं सुंदर काम आणि पायात असा घोळ! म्हटलं, जाऊ दे, आपण सुधारून देऊ. करवत घेतली आणि पुढचे दोन्ही पाय अर्धा अर्धा इंच कापले. बुडबुडा मधोमध आला. आप्पांना फोन केला नाही. त्यांनी भोकाला मनाई केली होती, कापायला नव्हे, असा कायदाही मी मनातल्या मनात करून घेतला.

आणि आता पेन्सिल आप्पांच्या पायाशी.

मी लेव्हल काढून पडवीच्या जमिनीवर ठेवली. बुडबुडा सरळ भिंतीकडे गेला. तेव्हा कुठं उजेड पडला. आमच्याकडे पडवीला बाहेरच्या बाजूला उतार ठेवतात, पावसाची झड आत आली तर पाणी परत बाहेर जावं म्हणून. मी जन्मलो, वाढलो, जेवलो तो अशाच पडवीत. डेस्कची पाठ भिंतीला, भिंतीकडे जमीन उंच, म्हणून मागचे पाय आखूड. घोळ कोणाचा नव्हताच. घोळ मी शनिवारी केला.

"खाली पुठ्ठा घालू का?" वैशालीनं विचारलं. तिचं लक्ष घड्याळाकडे होतं.

खरं सांगतो, मोह झाला. दोन पुठ्ठे सारायचे, जमिनीला दोन शिव्या घालायच्या आणि टेम्पोत बसायचं. कोणाला कळलं नसतं. पण आप्पा पेन्सिल उचलून माझ्यापुढे धरून उभे होते.

"आप्पा, मी पुढचे पाय कापले. तुम्हाला न विचारता."

आप्पा गुडघ्यावर हात टेकून सावकाश खाली बसले. पायाच्या ताज्या पिवळ्या कापावरून अंगठा फिरवला.

"मागचे माज्या बापानं कापले व्हते," ते म्हणाले. "हितंच. पोस्ट चालू व्हायचं व्हतं. मी पाय धरून बसलेलो."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं, ते मुद्दाम आखूड आहेत?"

"ठाव व्हतं."

"मग बोलला का नाही?"

"तू इचारलंस का?"

वैशाली भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. हसत होती की रडत होती, मी बघितलं नाही.

"तुकडे टाकलेस?" आप्पांनी विचारलं.

जुन्या सागाचा तुकडा सुतार टाकत नसतो. दोन्ही माझ्या पिशवीत होते. पण नुसता गोंद लावला तर वाळायला दिवस जाणार आणि हातात अर्धा तास. खालून स्क्रूच मारायला हवे होते. स्क्रू मारायचा म्हणजे आधी ड्रिल.

"आप्पा," मी म्हणालो, आणि या वेळी नाटक नव्हतं, "पायांना भोक पाडावं लागेल. एकेक."

आप्पांनी डेस्ककडे बघितलं. मग सुनेकडे. ती अजून भिंतीकडेच तोंड करून होती.

"पाड," ते म्हणाले. "मी धरतो."

डेस्क आडवं केलं. आप्पांनी पाय दोन्ही हातांनी धरला. ड्रिल सुरू झालं तेव्हा त्यांनी डोळे मिटले, हात मात्र हलू दिला नाही. तुकडे जागच्या जागी बसले. करवतीनं खाल्लेला अर्धा सूत सायकलच्या ट्यूबच्या चकतीनं भरून काढला. अकराला सहा मिनिटं कमी असताना डेस्क उभं राहिलं आणि मी त्यावर काहीही ठेवून दाखवलं नाही.

कंपनीतला माणूस तरुण होता. त्यानं स्क्रीन बघितली, वायरी बघितल्या, मग विचारलं, "मॅडम, टेबल बहोत पुराना लग रहा है. मजबूत है ना?"

"तुज्या हापिसाला इचार त्ये किती मजबूत हाय," आप्पा कोपऱ्यातून म्हणाले. वैशालीनं घाईघाईनं आवाज बंद केला आणि कॅमेऱ्याकडे बघून मान डोलावली.

पास झाली. आता ती त्याच कोपऱ्यात काम करते आणि मुलगी शाळेतून येते तेव्हा घरी असते. नेट गेलं की आप्पा चिडतात. त्यांच्या मते पोस्ट कधी एक दिवस बंद पडलं नव्हतं.

माझ्या धंद्यात सांगितलेलं काम सहसा बिघडत नाही. बिघडतं ते कोणी न सांगता, हौसेनं केलेलं काम. जुन्या वस्तूत चूक दिसली की आता मी करवत खाली ठेवतो आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारतो, हे असं का आहे? बहुतेक वेळा कारण निघतं. कधी कधी खरंच चूक निघते, आणि तेव्हा, कबूल करतो, मला फार आनंद होतो.