विमानवाल्या बाई

"ब्रेक उशिरा दाबला," शेजारच्या सीटवरून बाई म्हणायच्या आणि मी दात आवळायचो.

जालन्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या या बाई म्हणजे आमच्या भागातल्या पहिल्या महिला वैमानिक. जन्मभर विमानं उडवली, पण मोटार काही शिकल्या नाहीत. एमआयडीसीतल्या बियाण्यांच्या कारखान्यात आठवडाभर राबून यावं, तर रविवारी मी यांचा ड्रायव्हर! वर निघण्याआधी गाडीभोवती चक्कर मारून टायर दाबणार. "भाऊ, हवा कमी हाय."

एका सत्काराला निवेदक 'पहिल्या, पहिल्या' करत होता. बाईंनी माईकच ओढला. "पहिली पहिली काय करून राह्यले? दुसरी कुठंय?" आयोजकांचे चेहरे पडले. आम्हांला जेवायलाही कुणी विचारलं नाही.

मग दुसरी शोधायचं खूळ. भोकरदनला एक हुशार मुलगी सापडली. विमान शिकायला शिष्यवृत्ती मिळाली होती, पण वडील सोडत नव्हते. आमच्या चकरा सुरू झाल्या. तो माणूस वैतागला. मी त्याच्याहून जास्त.

"मॅडम, लग्न कोण करंल मंग हिच्याशी?"

"माझं न्हाई झालं. काय बिघडलं?"

"घरी गेल्यावर बोलायला कोण असतं तुम्हाला?"

बाईंनी दाराकडे पाहिलं. दाराआड मुलगी उभी होती.

"कुणी न्हाई," त्या म्हणाल्या. "तरी बी परत हेच केलं असतं. बिलकुल हेच."

येताना माझ्या ब्रेकबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. पुढच्या आठवड्यात त्या माणसाचा फोन आला : "पोरीला पाठवून राह्यलो."

गेल्या हिवाळ्यात बाई झोपेतच गेल्या. भोकरदनहून तो एकटाच आला.

"पोरगी न्हाई आली?" मी जरा तिरसटपणेच विचारलं.

"मॅडमनंच बजावलं होतं. माझ्या मयतीला सुट्टी घ्यायची न्हाई म्हणून. आज पहिल्यांदा तिला एकटीला विमान देणार हायेत."

बाईंना न्यायची तयारी झाली, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "पोरीचा हाय, तुम्हीच बोला," म्हणत त्यानं तो माझ्याकडे दिला.

"काका, उतरले मी," पोरगी रडत-हसत सांगत होती. "एकटीनं उडवलं!"

मला बाईंचा भयंकर राग आला. बाकी सगळ्यांना घाई करायला लावायच्या; स्वतःला एक दिवस थांबायला काय झालं होतं?