निळ्या लुगड्याची चाल

ताराचंद पेंटर घराबाहेर पडला की त्याच्या चपला पाचपावलीच्या त्या गल्लीत शेवटच्या दारापर्यंत ऐकू जायच्या. टाच आपटून, फटाफट वाजवत चालायचा. ऐट म्हणून नव्हे. त्याच्या मागून त्याची सासू यायची. रुखमाबाईची नजर गेली होती. माणूस दिसत नसे, भिंत दिसत नसे, रंगाचा मोठा डाग तेवढा कळे. पण हात धरून नेलेलं तिला खपायचं नाही. म्हणून जावई पुढं, आणि त्याच्या चपलांच्या आवाजामागं काठी टेकत ती.

"जवाई, वाजवा ना चपला! झोपले काय चालता चालता?"

"वाजवून तर राहिलो मामीजी. आता काय पायाले ढोल बांधू?"

"बांधा. तुमच्या लग्नात तर बांधला नाही कोणी. तेवढीच हौस होईन."

बायको गेल्यावर सासूला घरात ठेवून घेणारा जावई गल्लीनं पाहिला नव्हता. लोक बोलायचे. लोकांना बोलायला काही लागत नाही, भाकरी लागते ती कामाला. कोणी म्हणायचं, दुसरी कर. ताराचंद म्हणायचा, "पहिलीची माय तर सांभाळू द्या गा, मग पाहू." रुखमाबाईला मुलगा नव्हता, ताराचंदला मूलबाळ नव्हतं. दोघांच्या मधे एकच माणूस होतं, वच्छला, आणि तेच उठून गेलं होतं. मग दोघं एकमेकांशी भांडून घर भरलेलं ठेवायचे.

ताराचंदचा धंदा स्लाइडांचा. टॉकीजमध्ये मध्यंतरात पडद्यावर जाहिराती दिसतात, सोनाराच्या, कापडवाल्याच्या, दंतमंजनाच्या, त्या काचेच्या छोट्या तुकड्यावर रंगवलेल्या असतात. बर्डीपासून इतवारीपर्यंत निम्म्या टॉकीजना त्याच्या हातच्या काचा जायच्या. नखाएवढ्या जागेत तो बाईच्या नाकात नथ काढायचा आणि पडद्यावर ती नथ बैलगाडीच्या चाकाएवढी झाली तरी तिची रेघ फुटायची नाही. या गोष्टीचा त्याला भारी गर्व. असावाच. त्याला शिकवलं कोणी नव्हतं.

वच्छला विड्या वळायची. दिवसभर मांडीवर सूप, आणि संध्याकाळी ठेकेदार त्यातल्या मूठ-मूठ विड्या वाईट म्हणून बाजूला काढायचा. मजुरी त्यांची द्यायचा नाही, आणि विड्या मात्र ठेवून घ्यायचा. या चोरीला धंदा म्हणायची रीत होती. अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळी अधिवेशनात विडीवाल्या बायांनी विधानभवनावर मोर्चा नेला तेव्हा वच्छला पहिल्या रांगेत होती. दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी आल्या. पुढाऱ्यांची नावं आली, बायांचं एकही नाही. पुढच्या पावसाळ्यात तंबाखूनं पोखरलेल्या छातीनं तिला नेलं. ते तर पेपरात येण्याचा प्रश्नच नव्हता.

पण त्या मोर्च्यात पुण्याचा एक पोरगा खांद्यावर कॅमेरा घेऊन हिंडत होता. पाठवतो म्हणून तो फिल्म घेऊन गेला आणि सगळे त्याला विसरले. दोन वर्षांनी त्यानं खरोखरच पाठवली. काळी-पांढरी, मुकी, छोट्या प्रोजेक्टरवर चालणारी. युनियनचे चंपतराव ती रीळ डोक्यावर घेऊन नाचायचे तेवढे राहिले. विहाराच्या हॉलमध्ये भिंतीला चादर लावून खेळ ठेवला.

चादरीवर बर्डीचा चौक उजाडला. पोलीस, लाठ्या, बायांची रांग. आणि रांगेत वच्छला. डोक्यावर पदर, मूठ वर. शेजारी रुखमाबाई ताराचंदची बाही ओढत होती.

"कुठं हाय? सांगा ना."

"समोरूनच येऊन राहिली मामीजी. ते पाहा, मधात."

"मले तर समदी राखच दिसून राहिली."

तो बोटानं दाखवत राहिला. आंधळ्या बाईला बोटानं! तेवढ्यात फिल्म संपली. हॉलमध्ये टाळ्या पडल्या, घोषणा झाल्या. रुखमाबाई चादरीकडं तोंड करून तशीच बसून राहिली.

घरी येताना तिनं चपला वाजवायला सांगितलं नाही. टोमणा मारला नाही. ताराचंदला ते सहन होईना. दारापाशी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "लुगडं निळं होतं ना तिचं त्या दिवशी? कामठीचं? निळं राह्यलं असतं त दिसली असती मले."

झालं. ताराचंदच्या डोक्यात ते बसलं. सकाळीच तो चंपतरावांकडं गेला.

"रीळ द्या. त्यात वच्छलेचं लुगडं निळं करतो."

"डोकं फिरलं काय गा तुहं? ते चित्र हलते! एक फोटो नाही, हजारो फोटो हायेत एकामागं एक. किती रंगवशीन?"

"जेवढे हायेत तेवढे."

"आन् खराब झाली त? एकच रीळ हाय. पुढं कामठीच्या सभेत दाखवाची हाय."

"काचेचा रंग वापरतो. गुळगुळीत बाजूनं लावतो. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसला की साफ. एक डाग राह्यला त माह्या तोंडाले फासा."

चंपतराव रागीट माणूस, पण वच्छलेच्या मयताला खांदा दिलेला. कामठीच्या सभेपर्यंत त्यांनी रीळ दिली, आणि वरून चार शिव्या दिल्या.

ताराचंदनं खोक्याला काच बसवली, खाली बल्ब लावला, डोळ्याला भिंग. फिल्मवरचं एकेक चित्र करंगळीच्या नखाएवढं, त्यातली वच्छला तांदळाच्या दाण्याएवढी. तिला शेजारच्या बायांतून, मागच्या पोलिसातून, पुढून जाणाऱ्या सायकलवाल्यातून सोडवायची आणि तेवढीच निळी करायची. एक झाली की पुढची. पुढच्या चित्रात तिचा हात केसभर वर गेलेला, पदर केसभर फुगलेला. आधीच्या चित्रासारखी रेघ मारली तर चूक, आणि फार वेगळी मारली तरी चूक. पडद्यावर रंग दुधासारखा उतू जाणार. रुखमाबाई बाजूला बसून सुपारी कातरायची आणि विचारायची, "कुठवर आली?"

"सायकलवाल्यापाशी."

दुसऱ्या दिवशी पुन्हा, "आता कुठवर आली?"

"अजून सायकलवाल्यापाशीच."

"ह्या सायकलवाल्याले हाकला ना कोणी!"

मग आला बॅनर. दोन बांबूंना ताणलेलं युनियनचं कापड रांगेच्या पुढून आडवं गेलं आणि वच्छला त्याच्या मागं झाकली गेली. बॅनर सरकला तेव्हा त्या जागी दोन बाया होत्या. दोघींचा पदर डोक्यावर, दोघींची मान वळलेली, चेहरे पुसट. लुगडी एकाच नमुन्याची. वच्छला आणि समोरच्या घरातली प्रेमिला, दोघींनी कामठीच्या एकाच विणकराकडून बरोबर घेतलेली. रंग वेगळे होते. पण काळ्या-पांढऱ्यात रंगाला कोण विचारतो!

रस्ता ओलांडून प्रेमिलाला हाक मारली असती तर काम झालं असतं. पण ताराचंदनं मारली नाही. स्वतःची बायको ओळखायला शेजारणीला विचारायचं? त्यानं भिंग लावलं, उजवीकडची निवडली, आणि ती निळी करत गेला.

कामठीच्या सभेआधी विहारात पुन्हा खेळ झाला. जावई पुढं, चपला फटाफट, मागं रुखमाबाई धुतलेलं पातळ नेसून. ताराचंदनं तिला अगदी पुढं, चादरीसमोर बसवलं.

चौक उजाडला. राखाडी बाया, राखाडी पोलीस, आणि त्यांच्यात एक निळी बाई. कडा जराशा थरथरत होत्या, पण निळी.

रुखमाबाई उठून उभी राहिली.

"ते पाहा! ते पाहा, माही पोरगी! पाहा कशी चालली!" तिचा हात त्या डागामागं हवेत फिरू लागला. निळा डाग दोन-चार पावलं सरळ यायचा आणि मग मधेच टुणकन पुढं उडायचा. पुन्हा सरळ, पुन्हा उडी. "हेच, हेच! वच्छे, दमानं वं!"

ताराचंद तोंडावर रुमाल धरून बसला होता.

बॅनर आला. निळं झाकलं गेलं. बॅनर गेला, निळं बाहेर आलं आणि संथ, एका पातळीत, पाण्यावरच्या पानासारखं पुढं सरकू लागलं.

रुखमाबाईचा हात थांबला.

"हे कोण व्हय?"

"मामीजी, वच्छलाच ना."

"नाही. हे माही पोरगी नाही. हे कोणाची बायको रंगवली तुम्ही?"

मागून प्रेमिला ओरडली, "अवं माय! ते त मी हाओ! माहं लुगडं हिरवं होतं, मले काहून निळी केली?"

असा हशा उठला की प्रोजेक्टरचा आवाज बुडाला. चंपतराव डोळे पुसत म्हणाले, "ताराचंद, नजर मामीजीची गेली का तुही गा?"

ताराचंद चपला पायात अडकवून निघाला. रागानं इतक्या जोरात चालला की मागं काठी धडपडली तेव्हा कुठं थांबला.

"चार लोकांत इज्जत काढली माही," तो वळून म्हणाला. "तुमाले माणूस दिसत नाही. डाग दिसते नुसता. तुमाले काय कळलं, माह्यापेक्षा?"

रुखमाबाई धापा टाकत जवळ आली. "चेहरा दिसत नाही म्हणून त कळलं. तिची चाल तशीच होती लहानपणापासून. बाप ढांगा टाकत पुढं जाये, आन् हे मागून. दोन-चार पावलं चाले, मग मागं पडे, मग एक पाऊल धावे. मंग तुमच्या मागं आली. तुम्ही बी ढांगाच टाकता."

"पण मले कसं नाही दिसलं मामीजी? बारा वर्षं संसार केला."

"तुमाले कसं दिसन? तुम्ही पुढं, ते मागं. तुम्ही कवा पाह्यलं तिले चालताना?"

ताराचंद आठवत गेला. बाजाराला गेले तेव्हा तो पुढं. तिच्या माहेरी गेले तेव्हा तो पुढं. दवाखान्यात गेले तेव्हाही. वच्छला मागून येते आहे हे तो धरून चालायचा. आणि ती येतही होती. मोर्च्यात तर तिच्या पुढं कोणी नव्हतं, पहिली रांग होती ती. तरी तिचे पाय कोणाला तरी गाठायला धावतच होते.

दुसऱ्या दिवशी त्यानं बॅनरनंतरचं सगळं निळं स्पिरिटनं पुसून काढलं. मग प्रेमिलाला हाक मारली. ती आली, भिंगातून पाहून हसली आणि म्हणाली, "भाऊजी, आता तरी माह्या नवऱ्याले मी ओळखू येईन असं ठेवा." डावीकडची वच्छला निघाली. ताराचंदनं रंग लावण्याआधी फिल्म बोटांत धरून नुसती पाहिली. एकामागून एक चित्रं. टाच टेकलेली, टेकलेली, टेकलेली; आणि एका ठिकाणी लुगड्याच्या काठाखाली दोन्ही पाय जमिनीवेगळे. तिथं तो फार वेळ थांबला. रुखमाबाईनं विचारलं, "कुठवर आली?"

"उडाली," तो म्हणाला.

कामठीला रीळ जायच्या संध्याकाळी चंपतरावांनी विहारात तेवढाच तुकडा पुन्हा दाखवला. बॅनरमागं निळं झाकलं गेलं आणि उडी मारतच बाहेर आलं. रुखमाबाई या वेळी उठली नाही. मांडीवर हात ठेवून, एकदाही पापणी न हलवता, चौकाच्या टोकापर्यंत पोरीला पोचवून आली. मग म्हणाली, "चला जवाई. झालं पाहून."

बाहेर आल्यावर ताराचंदनं चपला काढून हातात घेतल्या.

"वाजत काहून नाही?"

"आज तुम्ही पुढं व्हा मामीजी. मी मागून येतो. डावं-उजवं सांगतो ना."

"आता या वयात मले पुढारी करता काय? लोक हसतीन."

"हसू द्या. चाला. सरळ हाय रस्ता."

ती काठी टेकत निघाली. तो चार हात मागं, अनवाणी. म्हातारी दोन-चार पावलं चालली आणि मग मधेच, कोणी हाक मारल्यासारखं, तिचं एक पाऊल धावलं. पुन्हा दोन-चार पावलं. पुन्हा एक धावतं.

"काय पाहून राहिले मागं?" ती न वळता म्हणाली.

"काही नाही," ताराचंद म्हणाला. "दमानं चाला मामीजी. पुढं कोणी नाही."