सोनवणे सरांचं कुलूप

पहिल्या भेटीत मी हात पुढे करून म्हणालो, "मी इथे मुलांना मुलाखतीची तयारी शिकवतो." सोनवणे सरांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "कशावरनं?"

चाकणच्या आमच्या प्रशिक्षण केंद्रात जलविद्युत केंद्रांतल्या नोकऱ्यांसाठी मुलं तयार होतात. सर मूळचे मावळातले. उभी हयात सह्याद्रीतल्या एका वीजघरात काढून, निवृत्तीनंतर आमच्याकडे शिकवायला आलेले. कँटीनचा चहा ते आधी मला प्यायला लावत आणि माझा चेहरा निरखत. मनगटावर एक घड्याळ, खिशात दुसरं. दोन्हींवर विश्वास नसल्यामुळे वेळ मलाच विचारत. मी सांगितली, की पुन्हा, "कशावरनं?"

वर्गात मात्र हाच संशय ते प्रसादासारखा वाटत. शिकवण्यापुरतं एक छोटं टर्बाइन होतं, कमरेएवढं. त्याला हात लावण्याआधी पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करायचा, त्याला ज्याने त्याने आपलं कुलूप घालायचं आणि किल्ली आपल्यापाशीच ठेवायची. "पानी बंद हाय असं कुनीबी सांगंल," सर म्हणत. "मी बी सांगंन. ऐकू नका. आन् कुलूप हाय म्हंजी त्याचा मालक आत काम करतोय. दुसऱ्याचं कुलूप तोडायचं न्हाई. त्यो मानूस आत न्हाई, हे डोळ्यानं बघितल्याबिगर तर न्हाईच."

मग सर काम सोडून देहूरोडला मुलीकडे राहायला गेले. दुसऱ्याच दिवशी एका वीज कंपनीचे अधिकारी मुलं निवडायला आले. टर्बाइन चालवून दाखवायचं होतं. बघतो तर काय, व्हॉल्व्हला सरांचं कुलूप.

प्राचार्यांनी कटर मागवला, तेव्हा सरांची विद्यार्थिनी प्रज्ञा आडवी आली. तिच्या वडिलांची कंपनी बंद पडलेली; या नोकरीची गरज तिच्याइतकी बॅचमध्ये कोणालाच नव्हती.

"कुलूप कापता येणार नाही. सर आत नाहीत कशावरून?"

प्राचार्यांनी त्या कमरेएवढ्या यंत्राकडे पाहिलं. "अगं, ह्यात मांजर मावणार नाही."

"लहान मशीनला वेगळा नियम शिकवला नाही सरांनी."

अधिकारी घड्याळं पाहू लागले. मी तिला बाजूला घेऊन समजावलं, की हट्ट सोड, नोकरी हातची जाईल. ती जागची हलली नाही. शेवटी मी सरांना फोन लावला. ते म्हणाले, कापा खुशाल. प्रज्ञाने फोन माझ्या हातातून घेतला.

"हा आवाज तुमचाच कशावरून, सर?"

सर म्हणाले, "येतो."

साहेबांचा दुसरा चहा झाला तेव्हा फाटकात रिक्षा थांबली. सर तडक टर्बाइनपाशी गेले. गळ्यातल्या दोऱ्यातून किल्ली काढली, कुलूप उघडलं, पाइपात डोकावले आणि बाजूला झाले. प्रज्ञा त्यांच्यामागोमाग स्वतः डोकावली आणि मगच तिने पाणी सोडलं. टर्बाइनवरचा दिवा लागला. साहेबांनी तिला एकच प्रश्न विचारला, घाटातल्या वीजघरात शिफ्ट करशील का? आज ती तिथेच आहे.

पण माझ्या मनातला किडा काही जाईना. किल्ली गळ्यात घालून फिरणारा माणूस कुलूप विसरेल कसा? मागे देहूरोडला गेलो तेव्हा सरळच विचारलं, की कुलूप मुद्दाम ठेवलं होतंत ना?

"न्हाई वो. इसरलो व्हतो."

"कशावरनं?" मी म्हणालो.

सर गालात हसले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या आधी चहाचा घोट घेतला.