तीन घरांचा पितर

उन्हाळा तापला की शहाणी माणसं महाबळेश्वरला जातात. मी जळगावला गेलो. पुण्यात ज्याला ज्याला हे सांगितलं, त्याने आधी माझ्याकडे आणि मग माझ्या बायकोकडे पाहिलं. बायकोने बॅगेत टोपी, उपरणं आणि दोन कांदे भरले आणि परत येताना केळीचे वेफर्स आणायला सांगितले. म्हणजे मी परत येईन असं तिने तरी धरलं होतं.

निमित्त होतं सुधाकर पाटलाचं. आम्ही दोघांनी एकाच कचेरीत आयुष्य काढलं. निवृत्त झाल्यावर तो धरणगावच्या पुढे त्याच्या गावी जाऊन राहिला. गेल्या पावसाळ्यात त्याचे वडील गेले तेव्हा मला जाता आलं नाही. "आखाजीला ये," तो फोनवर म्हणाला. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे त्या दिवशी लोक सराफाच्या दुकानात जातात, खानदेशात पितरांना जेवू घालतात, एवढं मला ठाऊक होतं. जेवायला नेमकं कोण बसतं, हे मी विचारलं नाही. आमरसाच्या आशेने निघालेला माणूस फार चौकशा करत नाही.

जळगावला उतरलो तेव्हा सकाळच होती, पण ऊन दुपारचं होतं. स्टँडवर एकाला विचारलं, रोज असंच असतं का? तो म्हणाला, "आज जरा बरं शे." धरणगावची एसटी मिळाली. वाटेत केळीचे हिरवे मळे दिसत होते, ते संपले की नांगरून तापत टाकलेली कपाशीची काळी रानं. धरणगावहून काळी-पिवळी जीप. ड्रायव्हर मला ज्या जागेला सीट म्हणत होता, तिथे आधीच एक बाई आणि खरबुजांची पाटी बसलेली होती. खरबुजाला इथे डांगर म्हणतात. एक डांगर मी गावापर्यंत मांडीवर आणलं.

गावाच्या तोंडाशी पहिलं दर्शन झालं ते फ्लेक्सचं. 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली तीन चेहरे. गाव लहान, आणि एका वर्षात तीन म्हातारे गेलेले. मधोमध माजी सरपंच भाऊ, डोळ्यांवर गॉगल. शेजारी सुधाकरचे वडील बापू, लग्नाच्या फोटोतून कापलेले, कारण खांद्यावर दुसऱ्या कोणाचा तरी हात राहिला होता. कोपऱ्यात, लहानसे, सोनार आबा. त्यांचा हात तोंडाजवळ होता आणि बोटांत घास होता. तिघांच्या खाली एकच मजकूर: प्रेमळ, मनमिळाऊ, परोपकारी. प्रेसवाल्याकडे विशेषणं तेवढीच असावीत.

"आबांचा जेवतानाचाच फोटो कसा?" मी सुधाकरला विचारलं.

"दुसरा नव्हताच. ते आमच्या गावचे पितर होते," तो म्हणाला. "आणि आज तू आहेस."

मग त्याने सगळं समजावलं. गेलेल्या माणसाच्या जागी एकाला पाटावर बसवून पोटभर जेवू घालायचं, तो पितर. तो घरचा चालत नाही, भाऊकीतलाही चालत नाही, आणि हे अख्खं गाव म्हणजे एकच भाऊकी. बाहेरचं घर सोनाराचं एकट्याचं. त्यामुळे कित्येक वर्षं दर आखाजीला गावातल्या सगळ्या मेलेल्यांच्या वतीने आबाच जेवत आले. ज्याच्या जागी बसतील त्याच्यासारखे वागायचे. बापूंच्या वडिलांसाठी बसले की पहिला घास गाईला काढायचे, कुणा तापट चुलत्यासाठी बसले की पाणी यायला उशीर झाला म्हणून डोळे वटारायचे. आता तेच फ्लेक्सवर गेल्यावर गावाची मोठी पंचाईत झाली होती, आणि यंदा निदान बापूंच्या आणि भाऊंच्या पाटावर मला बसवायचं ठरलं होतं. मला मित्र म्हणून आठवणीने बोलावलं होतं हे खरं, पण मी भाऊकीतला नाही हा माझा गुण त्या आठवणीत वरचढ होता.

आम्ही घराकडे निघालो तर हातपंपाशी एक बारकीशी म्हातारी उभी होती. ही आबांची बायको, अक्का. मुलगा सुरतेला कामाला, त्याला सुट्टी मिळाली नव्हती. तिने मला नीट निरखलं.

"पाव्हना, मन्हाकडे बी या," ती म्हणाली. "ह्या बठ्ठा गावमा जेवनात. आखाजीले घर कधी जेवनात नही. एकदाव त्यास्ले घर जेवाडनं शे माले." (हे सगळ्या गावात जेवले, आखाजीला घरी कधी जेवले नाहीत. एकदा त्यांना घरी जेवू घालायचं आहे मला.)

मी म्हटलं, येतो अक्का, नक्की पोटभर जेवतो. शब्द देताना माझं पोट रिकामं होतं, त्यामुळे तो अगदी मनापासून दिला गेला.

पहिलं पान सुधाकरच्या घरचं. उंबरठ्यावर एकेका पूर्वजाचं नाव घेत कुंकवाचं एकेक बोट ओढलेलं होतं. देवापाशी पाण्याने भरलेली नवी घागर, तिच्यावर मातीचं लहान भांडं, त्यावर माझ्या मांडीवरून आलेल्या डांगराचं भावंड आणि दोन आंबे. चुलीतल्या निखाऱ्यांवर तूप आणि पुरणपोळीचा घास टाकून आगारी दिली, घरभर गोड धूर झाला, आणि मला पाटावर बसवलं. सुधाकर, ज्याने पंचवीस वर्षं माझा डबा न विचारता खाल्ला, तो माझ्या पाया पडला. मला फार बरं वाटलं.

पानात खापरावरचे मांडे होते, रुमालाएवढे पातळ. आमरस, कुरडई, भजी आणि कटाची झणझणीत रशी, म्हणजे आमटी. मी रशीचा भुरका घेतला. सून दाराआड थांबली. सुधाकरचीही नजर माझ्या वाटीवर. मी म्हटलं, वा, छान झाली आहे. त्यासरशी सुधाकरच्या आईने सुस्कारा सोडला.

"चांगली शे म्हनतस," ती सुनेला म्हणाली, "मंग हाऊ बापू नही."

बापूंनी उभ्या जन्मात रशीला चांगलं म्हटलं नव्हतं. मीठ कमी म्हणायचे, मीठ घातलं की जास्त म्हणायचे, आणि ताट सरकवायचे. प्रेमळ, मनमिळाऊ, परोपकारी. मी चूक सुधारायला मीठ मागितलं. म्हातारीने ते धावत जाऊन आणलं आणि पदराने डोळे पुसले. नवऱ्याच्या खोडीसाठीही माणूस रडतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. मग तिने आग्रहाने आणखी दोन मांडे वाढले, आणि पितराने नाही म्हणायचं नसतं.

दुसरं घर माजी सरपंचांचं. तिथे मी सावध होतो, कमी खायचं ठरवून बसलो होतो. पण भाऊ खाण्यात दांडगे होते म्हणे, आणि मुलगे त्यांच्या मापाने वाढत होते. अर्ध्यावर शेजारचा शेतकरी आत आला, माझ्यासमोर उकिडवा बसला आणि हात जोडून म्हणाला की भाऊ, आता तरी सांगा, बांधावरचं निंबाचं झाड माझंच ना? मुलगे त्याला उठवायला लागले. माझं तोंड भजीने भरलेलं होतं. वाढणारीने त्याच क्षणी रशी पुढे केली आणि मी तिला होकाराची मान हलवली.

शेजारी उठला. "भाऊनी कबूल करं," असं म्हणून तो तडक बाहेर गेला आणि पारावर सांगत सुटला. मुलगे माझ्याकडे अशा नजरेने बघत होते की मी हात धुवायला उठलो तो थेट चपलांपाशीच गेलो. ते झाड आता कोणाचं आहे, मला माहीत नाही. मी रशीला हो म्हटलं होतं.

अक्कांचं घर गल्लीच्या टोकाला. तिथवर पोचेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. मी सुधाकरला म्हटलं, अरे, हे घर आधी का नाही घेतलं? तो थबकला. "आबा असेच जायचे," तो म्हणाला. "आधी आमच्याकडे, मग सरपंचांकडे, मग बाकीचे, शेवटी घर. कोणाच्या डोक्यातच आलं नाही." एवढं सांगून तो परत फिरला, कारण पितर जेवल्याशिवाय घरच्यांनी जेवायचं नसतं आणि त्याला आता कडकडून भूक लागली होती.

खोली झाडून लख्ख केली होती. पाट मांडलेला, भोवती रांगोळी. या वयात एकटीने खापर तापवून तिने मांडे केले होते. एका मांड्याला भोक पडलं होतं, तो तिने खाली लपवला होता. आमरसाची वाटी काठोकाठ. मी पाटावर बसलो, आणि बसताना माझ्या तोंडून नकळत जो आवाज निघाला, तो पोट तुडुंब भरलेल्या माणसाचा होता.

अक्का हातात तुपाची वाटी घेऊन उभीच राहिली.

"तुम्ही बी जेयीसनच उनात," ती म्हणाली.

तुम्हीही जेवूनच आलात. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. मला इतकी लाज वाटली की मी घाईने मांडा तोडला, रसात बुडवला आणि तोंडात कोंबला. दुसरा घास घशात अडकला. तिने माझा हात धरला.

"र्‍हाऊ द्या. तुम्ही बठा, मी जेवस."

तिने माझं ताट स्वतःपुढे ओढलं आणि समोर जमिनीवर बसली. पितरासमोर बसून घरच्या बाईने त्याच्याच ताटात जेवायचं, हे कोणत्याच घरी चालत नसणार. पण सांगायला तिथे कोणी नव्हतं, आणि मी मेलेलो होतो.

जेवता जेवता तिने विचारलं, सुधाकरच्या घरची रशी कशी होती? मी सांगितलं. सरपंचांकडे पुरण गुळाचं का साखरेचं? तेही सांगितलं. कुरडया कोणाच्या फुलल्या होत्या, मांडे कोणाचे जाड, आमरसात कोणी दूध घातलं होतं. ती एकेक घास चावत ऐकत होती. आबा दर आखाजीला असेच यायचे, म्हणाली, धोतर सैल करून खाटेवर टेकायचे, आणि ती जेवत असताना घराघरातलं जेवण तिला सांगायचे. "माले बठ्ठा गावनी रशी ऐकीसन माहीत शे." गावाने सोनाराच्या बाईला आखाजीला पानावर कधी बोलावलं नव्हतं. जेवायला जायचा तो पितर, आणि पितर एकच होता. मी मग बापूंच्या मिठाचं आणि निंबाच्या झाडाचंही सांगितलं, जरा वाढवूनच. झाडाचं ऐकून ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

ताट चाटून पुसून तिने हात धुतले आणि मला सुपारी दिली. मी म्हटलं, अक्का, जेवलो नाही मी, माफ करा. तिने मान हलवली. पण भोक पडलेला तो मांडा तिने खाल्ला नव्हता. तो कागदात बांधून तिने माझ्या हातात दिला, वाटेत खायला.

दुसऱ्या दिवशी जीपपाशी मला पोचवायला अर्धं गाव आलं. पुढच्या आखाजीसाठी चार घरांनी बोलावून ठेवलं. जिवंतपणी मला कुठे इतकी मागणी आलेली नाही. सरपंचांचे मुलगे तेवढे आले नाहीत.

मी सुधाकरला बाजूला घेऊन म्हटलं, अक्कांना सांग, पुढच्या वर्षी सकाळपासून उपाशी येतो आणि आधी त्यांच्याकडे बसतो, मग बाकीची घरं.

"मी नाही सांगत तिला," तो म्हणाला. "ती वर्षभर धरून बसेल. तुझं काही खरं नाही."

जीप सुरू झाली होती. अक्का आलेली नव्हती. तिला कोणी बोलवायला गेलंच नसणार. मी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं, उतरलो आणि गल्लीच्या टोकाकडे चालू लागलो, स्वतःच सांगायला.