सरांचा डिशचा प्रोग्रॅम

कोल्हापूरच्या ज्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकले, तिथंच पुढं शिकवायला लागले. मला अँटेना हा विषय शिकवणारे सर आता माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचे. डिश अँटेनाचं गणित करणारा प्रोग्रॅम त्यांनी स्वतः लिहिला होता. डिशचा आकार आणि खोली भरली, की तिच्यावरून परतलेल्या लहरी कोणत्या दिशेला किती जातील याचा आलेख तो काढायचा. कितीतरी मुलं त्यावर शिकली. मीही.

मग विभागानं तयार सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं आणि दोन्हींची तुलना करून बैठकीत मांडायचं काम माझ्याकडं आलं. मी एकच डिश दोन्हींत घातली. समोरच्या मुख्य झोतात आलेख एकमेकांवर बसले. डिशच्या बाजूला आणि मागं मात्र सरांची रेघ पार भलतीकडं गेली. पुन्हा तपासलं. तेच.

सर शेजारीच होते. चहा पिता पिता सांगता आलं असतं. पण तोंड उघडवेना, आणि शेवटी मी सगळ्यांसमोरच ते दोन आलेख पडद्यावर लावले.

विभागप्रमुख म्हणाले, "चला, प्रश्नच मिटला."

सर पडद्याकडं बघत राहिले. "बरोबर हाय तिचं," एवढंच बोलले.

पुढं ते निवृत्त होऊन गडहिंग्लजला, आपल्या घरी गेले. प्रयोगशाळेतल्या कॉम्प्युटरवरनं त्यांचा प्रोग्रॅम काढला गेला. नव्यात बटण दाबलं की रंगीत चित्रं यायची, पोरं खूश. मला मात्र तिथं शिकवताना कोणी मागं उभं असल्यासारखं वाटायचं. एका रविवारी एसटी पकडून सरांकडं गेले.

दार काकूंनी, सरांच्या पत्नीनं, उघडलं. "ये की आत. बसल्यात बघ त्या कॉम्प्युटरम्होरं."

"सर, माझं चुकलं," मी उभ्याउभ्याच म्हटलं.

"आकडं तर बरोबर हुतं की तुझं."

"आकड्यांचं नाही म्हणत मी."

सरांनी खुर्ची माझ्याकडं वळवली. "आधी मला दाखवायचं हुतंस. शेजारीच बसत हुतो न्हवं?"

आवाज चढला नव्हता. रागावले असते तर बरं झालं असतं.

मग त्यांनीच विषय बदलला. "डिशच्या कडेवरनं लहरी वाकून मागं जातात, ते मी धरलंच नव्हतं. आता घातलंय. तुझा तो आलेख हाय का?"

फोनमध्ये होता. त्यांनी आपला नवा आलेख त्याच्या शेजारी लावला. आता मागंसुद्धा दोन्ही रेघा जवळजवळ एक झाल्या होत्या. सर लहान मुलासारखे हसले, आणि पेन ड्राइव्ह माझ्या हातात ठेवत म्हणाले, "पोरांना दाखव. चित्राच्या आत काय चालतंय ते तरी कळंल."

"हो, सर."

सरांचा प्रोग्रॅम वर्गात दाखवू का, असं दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांना विचारलं. "आता कशाला, मॅडम? वेळापत्रकात जागा कुठाय?" ते म्हणाले. मी वाद घातला नाही. एखादा तास जास्तीचा घेता आला असता. तोही घेतला नाही.

सरांचा फोन आला. "दाखवलास? काय म्हणाली पोरं?"

"आवडला म्हणाली, सर."

तेव्हापासून ते अधूनमधून फोन करतात. परवा म्हणाले, "डिशवर लहरी सोडणारा तो फीड धरणाऱ्या दांड्यांची सावली पडती ना डिशवर, तीबी धरतोय आता. झालं की धाडतो."

मी म्हटलं, "पाठवा, सर. मुलं वाट बघतायत."