दुसऱ्या ड्रायव्हरची सही

साताऱ्याहून निघताना मुलीने विचारलं, "आता तिकडे कोण आहे तुमचं?" मी पिशवी उचलली. सकाळी कल्याणला उतरलो आणि रिक्षाने उल्हासनगर गाठलं. इथल्या एका खासगी बस कंपनीत मी बावीस वर्षं सुपरवायझर होतो. लग्नं, सहली, देवदर्शनं, सगळ्या ट्रिपा मी लावायचो.

उपाशीपोटी भांडायला जाऊ नये म्हणून आधी दाल-पकवान (कडक तळलेली पुरी आणि हरभऱ्याची डाळ) मागवलं. दात नाहीत, त्यामुळे पकवान डाळीत भिजवून खाल्लं. मग ऑफिसात गेलो. माझ्या जुन्या टेबलाशी तिशीतला मॅनेजर बसला होता.

"पगारी ड्रायव्हर किती?" मी विचारलं.

"काका, पगारी आता कोण ठेवतं? ग्रुपवर ट्रिप टाकतो, पहिला 'हो' म्हणेल त्याची. क्लीनर तर बंदच केले. नवीन पोरं येतच नाहीत, टॅक्सी चालवतात."

"आणि लांबच्या ट्रिपला दुसरा ड्रायव्हर?"

तो हसला. "असतो ना, शीटवर."

हा 'शीटवरचा' ड्रायव्हर मीच या ऑफिसात रुजवला. ट्रिपच्या कागदावर नियमाप्रमाणे दोन नावं लिहायची आणि गाडीत एकच माणूस पाठवायचा. दुसऱ्याची सही मी डाव्या हाताने करायचो. मॅनेजरला मी पुष्कळ बोललो. तो म्हणाला, "काका, बीपीची गोळी घेतली का?"

तिथून बदलापूरला, मांजर्लीत गेलो. उल्हास नदी जवळच आहे. तळमजल्यांच्या भिंतींवर पुराच्या रेघा छातीएवढ्या उंचीवर दिसतात. अशाच एका खोलीत सखाराम भोईर राहतो. दोन रात्री झोप नसताना मी त्याला वऱ्हाडाची गाडी देऊन शिर्डीला पाठवलं होतं. परतताना कसारा घाटात भर दुपारी त्याचा डोळा लागला आणि एका बाईचा पाय गेला. वऱ्हाडी सांगत होते की ड्रायव्हर एकच होता. पण चौकशीत मी रजिस्टर पुढे केलं आणि म्हणालो, दोघे होते, भोईरने हट्टाने पाळी बदलली नाही. त्यानंतर अख्ख्या लाइनीत त्याला कुणी स्टेअरिंग दिलं नाही. उरलेली वर्षं त्याने सोसायटीच्या गेटवर वॉचमन म्हणून काढली.

त्याने मला ओळखलं. "या, सुपरवायझर. दुसऱ्या ड्रायव्हरला नाही आणलंत? मी अजून शोधतोय त्याला."

भोईरच्या बायकोने, वहिनींनी, चहा ठेवला, पण माझ्याकडे पाहिलं नाही. मी खरं काय ते लिहिलेला, सही केलेला कागद पुढे केला. भोईरने तो वाचून परत दिला.

"मला कशाला देता? मला माहीतच आहे. हट्टी भोईरने बाईचा पाय घालवला, असं जिथं बोलतात, तिथं वाचा."

"चला," मी म्हणालो.

"मी येतो. पण बोलणार तुम्ही."

अंबरनाथला कंपन्यांच्या स्टाफबस उभ्या राहतात, तिथे दुपारी आम्ही रिक्षातून पोचलो. दहा-बारा ड्रायव्हर गाडीच्या सावलीत डबे खात होते. मी वाचायला लागलो.

"जोरात, आजोबा," मागून कुणी म्हणालं.

मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. डाव्या हाताची सहीसुद्धा सांगितली. मग एका ड्रायव्हरने डबा बाजूला ठेवून मोबाइल दाखवला. "ही बघा, आज नाशिकला गेलेल्या गाडीची शीट. दुसरं नाव माझं. मी इथं भाकरी खातोय."

एक म्हातारा ड्रायव्हर उठला. "सखाराम, मीच तुला झोपाळू म्हणालो होतो. गाडी मागायला आलास तेव्हा आमच्या मालकाला मीच नको म्हटलं." भोईर रिक्षातून उतरला नाही. त्याने फक्त मान हलवली. मला म्हणाला, "आता जा तुम्ही."

साताऱ्याला परत येऊन चार दिवस झाले. कंपनीच्या मालकावर, त्या हसऱ्या मॅनेजरवर, चुकून मुलीवरही संतापतो आहे. मी माफी मागायला गेलो नव्हतो, असं इथे लिहिणार होतो. ते खोटं ठरेल, आणि मी खोटं पुष्कळ लिहिलं आहे. माफी मागायलाच गेलो होतो. ती मिळाली नाही. वहिनींनी केलेला चहाही मी घेतला नाही, तो तिथेच निवत ठेवून निघालो.